जुनी डिझेल स्विफ्ट घेताय? आधी तिचं इंजिन ओळखून घ्या

सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात २०१० ते २०१५ सालची डिझेल स्विफ्ट किंवा डिझायर सहज सापडते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. मग आरटीओत नेऊन रीपासिंग करायचं, तेव्हा पुढची पाच वर्षं मिळतात. ही कटकट नको म्हणून बरेच मालक त्याआधीच गाडी काढतात. तिकडे दिल्ली आणि आसपासच्या पट्ट्यात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर टांगती तलवार आहे. २०१५ मध्ये हरित लवादाने आदेश दिला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. जुलै २०२५ मध्ये तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि काही दिवसांतच ते स्थगित करावं लागलं. त्यामुळे तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन बाकीच्या राज्यांत विकायला येतात. त्यातच मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं. म्हणजे डिझेल स्विफ्ट हवी असेल तर जुनीच घ्यावी लागणार.

चार जणांना विचारलं की दोन उत्तरं येतात. एक म्हणतो, "डोळे झाकून घे, इंजिनाला मरण नाही." दुसरा म्हणतो, "चेन गेली की रडशील." गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतात. हे इंजिन मुळात दणकट आहे. त्याचे बहुतेक आजार मात्र एकाच जागेतून येतात: इंजिनाच्या तळाशी, म्हणजे खालच्या चेंबरमध्ये साठणारं जेमतेम तीन लिटर तेल आणि त्यात उतरणारी काजळी.

मारुतीचं म्हणतात, पण घराणं फियाटचं

इटलीची फियाट आणि अमेरिकेची जनरल मोटर्स यांची २००० ते २००५ अशी पाच वर्षं भागीदारी होती. त्या काळात हे छोटं डिझेल इंजिन तयार झालं आणि २००३ मध्ये बाजारात आलं. पोलंडमधल्या बिएल्स्को-बियावा इथे त्याचा मुख्य कारखाना होता. २००५ मध्ये त्याला 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर'मध्ये एक ते १.४ लिटर गटाचा पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे सुझुकीने फियाटकडून परवाना घेऊन हे इंजिन मानेसरला बनवायला घेतलं आणि जानेवारी २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आली. फियाटने स्वतः ते पुण्याजवळ रांजणगावला बनवलं. तिथे टाटांशी भागीदारी असल्यामुळे इंडिका व्हिस्टा आणि मांझामध्येही तेच बसलं. पुढे डिझेल गाड्यांची मागणी इतकी वाढली की मानेसरचं उत्पादन पुरेना. तेव्हा २०१२ च्या सुरुवातीला मारुतीने फियाटशी वर्षाला एक लाख इंजिनांपर्यंतचा करार केला. त्यामुळे त्या काळातल्या काही मारुती गाड्यांचं इंजिन चक्क शिरूर तालुक्यात जन्मलेलं आहे.

एकच इंजिन, नावं मात्र प्रत्येकाची वेगळी. मारुती त्याला डीडीआयएस म्हणते, टाटा क्वाड्राजेट, फियाट मल्टिजेट. शेवरले सेलमध्ये तेच होतं. चिंचवडच्या प्रीमियरने आपल्या रिओ गाडीतही तेच घातलं. शेवरले बीटचं तीन सिलिंडरचं ९३६ सीसी डिझेल म्हणजे त्याचंच एक सिलिंडर कमी केलेलं भावंड. 'भारताचं राष्ट्रीय इंजिन' हे टोपणनाव उगाच पडलं नाही. जुनी गाडी घेणाऱ्याच्या दृष्टीने यातला फायदा असा की सुटे भाग मिळतात आणि या इंजिनाला हात लावलेला मेकॅनिक जवळपास कुठल्याही तालुक्याच्या गावी भेटतो.

आकडे वाचायचे कसे

१२४८ सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह. सिलिंडरचा व्यास ६९.६ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर. धाव व्यासापेक्षा मोठी, म्हणजे हे जोरात गरगरण्यापेक्षा कमी फेऱ्यांत नेटाने ओढणारं इंजिन. ब्लॉक बिडाचा, वरचं हेड अॅल्युमिनियमचं, वजन सुमारे १३० किलो.

ताकद दोन प्रकारांत मिळते. स्विफ्ट, डिझायर आणि रिट्झमध्ये ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटर. एसएक्सफोर, अर्टिगा, सियाझ आणि ब्रेझामध्ये ९० पीएस आणि २०० न्यूटन-मीटर. पीएस म्हणजे घोडशक्ती आणि न्यूटन-मीटर म्हणजे ओढ. घाटात कामाला येते ती ओढ. दोन्ही प्रकारांतला मुख्य फरक टर्बोचा, त्याकडे पुढे येतो.

१९९८ च्या इंडिकाचं जुन्या पद्धतीचं डिझेल इंजिन यापेक्षा मोठं होतं, १४०५ सीसीचं, आणि त्याची ताकद मात्र पन्नाशीच्या आसपास होती. लहान इंजिनातून एवढं जास्त कसं काढलं, ते कळलं की आजारही कळतात.

थेंबाचा तिसरा हिस्सा

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेलला तो लागत नाही. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती नुसत्या दाबाने तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो. कळीची गोष्ट म्हणजे हा फवारा किती बारीक, किती आणि नेमका कधी मारायचा.

जुन्या इंजिनांत पंप प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीप्रमाणे डिझेल ढकलायचा. इंजिन हळू फिरलं की पंप हळू, आणि दाबही कमी. कॉमन रेलने ही सांगड तोडली. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आठवा: खालचा पंप टाकी भरलेली ठेवतो, आणि प्रत्येक फ्लॅटवाला आपल्या वेळेला आपला नळ उघडतो. इथे टाकीच्या जागी एक जाड पोलादी नळी असते, तिला रेल म्हणतात. नळाच्या जागी इंजेक्टर, ज्याला गॅरेजमध्ये नोझल म्हणतात. आणि नळ कधी उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. ही कल्पना प्रवासी गाडीच्या इंजिनात उतरवण्याचं बरंचसं काम फियाटच्याच संशोधन केंद्रात झालं. ती पुढे बॉशकडे गेली, आणि १९९७ च्या अल्फा रोमिओ १५६ मध्ये पहिल्यांदा रस्त्यावर आली.

या इंजिनात रेलमधला दाब १६०० बारपर्यंत जातो. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास हवा भरतो, त्यावरून अंदाज करा. आता थोडा हिशोब. गाडी ताशी ८० ने चाललीय, इंजिन मिनिटाला सुमारे २००० फेरे घेतंय आणि लिटरला २० किलोमीटर मिळतायत असं धरू. म्हणजे तासाला चार लिटर डिझेल. त्या तासात चार सिलिंडर मिळून दोन लाख चाळीस हजार स्फोट होतात. भागाकार केला तर एका स्फोटाच्या वाट्याला थेंबाचा जेमतेम तिसरा हिस्सा येतो. मल्टिजेट तंत्रात तेवढाही एकदम फवारत नाहीत, गरजेप्रमाणे पाच हप्त्यांपर्यंत वाटून देतात. आधी चिमूटभर, मग मुख्य फवारा, मग उरलेला. त्यामुळे दाब हळूहळू चढतो, जुन्या डिझेलची खडखड कमी होते आणि इंधन नीट जळतं. २०१७ च्या डिझायरला चाचणीत लिटरला २८.४ किलोमीटर मिळाले त्याचं मूळ इथे आहे. प्रत्यक्षात तेवढे मिळत नाहीत हे सांगायला नकोच.

चेनचा आवाज तेलाबद्दल बोलतो

पिस्टनांनी फिरवलेला खालचा दांडा, म्हणजे क्रँक, फिरतो आणि त्याच्याशी ताळमेळ ठेवून वरचे कॅमचे दांडे हवेचे आणि धुराचे दरवाजे, म्हणजे व्हॉल्व्ह, उघडतात, मिटतात. हा ताळमेळ राखायला काही गाड्यांत रबरी बेल्ट असतो, इथे लोखंडी चेन आहे. "चेन आहे म्हणजे आयुष्यभर बघायला नको" हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी हमखास असतं, आणि ते अर्धंच खरं आहे.

चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन असते. तेलात काजळी वाढली की ती पिनेला बारीक पॉलिशपेपरसारखी घासत राहते. प्रत्येक कडी केसभर झिजते आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन लांब होते. तो ढिलेपणा घ्यायला टेन्शनर असतो, आणि तो तेलाच्या दाबावर चालतो. म्हणजे तेल कमी, तेल जुनं किंवा तेलाचा दाब पडलेला, तर झीजही तिथेच आणि ती झाकणारा टेन्शनरही दुबळा.

म्हणूनच ही खोड सकाळी पकडता येते. रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधलं तेल उतरतं. सेल मारल्यावर पहिले एक-दोन सेकंद बोनेटच्या एका कडेने कर्रर्र असा साखळी पत्र्यावर आपटल्यासारखा आवाज आला आणि मग शांत झाला, तर चेन सांगतेय की वेळ आलीय. गरम इंजिनावर हा आवाज बहुतेक वेळा येतच नाही.

दुर्लक्ष केलं तर एक दिवस चेन दात सोडते, ताळमेळ बिघडतो आणि पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. या इंजिनात अशा वेळी बरेचदा व्हॉल्व्ह दाबणारे छोटे रॉकर आधी मोडतात आणि व्हॉल्व्ह वाचतात. पण त्या भरवशावर गाडी चालवू नये. चेन बदलताना नुसती चेन बदलून पैसे वाचवणंही खोटं: चेन, टेन्शनर, चेनला वाट दाखवणाऱ्या पट्ट्या (गाइड) आणि दात्यांची चाकं असा पूर्ण संच घालायचा. कॅम लॉक करायची खास टूल्स लागतात. ती नसताना "मार्किंग करून बसवतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं.

युरोपात काही गाड्यांना ३०,००० किलोमीटरपर्यंत तेल न बदलण्याची मुभा होती आणि चेनच्या तक्रारी तिकडेही गाजल्या. आपल्याकडे १०,००० ला बदलायचं असा प्रघात. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये, छोट्या छोट्या फेऱ्यांत चालणाऱ्या गाडीला मी तर साडेसात हजारच म्हणेन. आणि वर्षाला चारच हजार किलोमीटर चालली तरी वर्षातून एकदा बदलायचंच.

"काल बदललेलं तेल आज काळं!"

यावरून सर्व्हिसवाल्याशी भांडणं होतात. डिझेल इंजिनात नवं तेल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं पडतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावरून काही ठरवू नका. पातळी बघा. चेंबर लहान असल्यामुळे एक लिटर कमी झालं तर एक तृतीयांश तेल गेलं, आणि मग वळणावर किंवा चढावर पंप हवा ओढू शकतो. क्रँकच्या बेअरिंगा त्यातूनच जातात.

"जुन्या इंजिनाला जाड तेल घाला, आवाज कमी होतो" हा सल्लाही ऐकू येईल. आवाज होतो खरा कमी, थोडे दिवस. पण जाड तेल सकाळी वरपर्यंत उशिरा पोचतं, म्हणजे टेन्शनर आणि टर्बो तेवढा वेळ जास्त कोरडे. मॅन्युअलमध्ये जो ग्रेड लिहिलाय तोच घाला.

टर्बो, आणि क्लच का जळतो

टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं, आणि १२४८ सीसीतून ७५ पीएस निघतात ते यामुळे. दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. पुन्हा तेच तीन लिटर. घाट चढून आल्या आल्या गाडी बंद केली की तेलाचा पुरवठा थांबतो आणि तापलेल्या टर्बोत उरलेलं तेल करपतं. अर्धा-एक मिनिट चालू ठेवून मग बंद करावी.

स्विफ्टचा टर्बो साध्या प्रकारचा आहे. २००० फेऱ्यांच्या खाली तो झोपलेला असतो आणि मग एकदम ओढ येते. स्विफ्ट चालवलेल्या प्रत्येकाला हा झटका ठाऊक आहे. ट्रॅफिकमध्ये लोक त्या झोपेवर उपाय म्हणून अर्धा क्लच दाबून इंजिन फिरवत ठेवतात, आणि क्लचप्लेट जाते. शहरात वापरलेल्या गाडीचा क्लच कडक असेल किंवा पेडल बरंच वर आल्यावर पकडत असेल, तर त्याचा खर्च किमतीतून वजा करायचा.

९० पीएसच्या प्रकारात टर्बोला फिरती पाती असतात, त्यामुळे तो लवकर जागा होतो. पण काजळीने पाती अडकली की पिकअप गायब होतो. चढावर गाडी अचानक मेल्यासारखी होऊन बंद-चालू केल्यावर सुधारली, तर पहिला संशय इथे घ्यायचा. अर्थात कधी कधी दोष फक्त फाटलेल्या हवेच्या होजचा असतो. शिटीसारखा आवाज आणि काळा धूर असेल तर आधी तो दोनपाचशेचा पाइप बघावा, मग टर्बो उतरवायची भाषा करावी.

ईजीआर बंदच करून टाकू का?

ईजीआर नावाचा व्हॉल्व्ह थोडा धूर परत इंजिनात पाठवतो. त्याने आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी बनतात. हवेसाठी हे चांगलं, इंजिनाला मात्र त्रासाचं. धुरातली काजळी आणि चेंबरमधून येणारी तेलकट वाफ एकत्र आली की हवेच्या मार्गात डांबरासारखा थर साचतो. व्हॉल्व्ह उघडा अडकला तर काळा धूर, मंद पिकअप, आणि गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना, म्हणजे आयडलला, थरथर.

गॅरेजमध्ये यावर पत्रा मारून तो कायमचा बंद करायचा उपाय सर्रास सुचवला जातो. गाडी हलकी वाटते हे खरं. पण प्रदूषणाची यंत्रणा निकामी करणं नियमात बसत नाही, आणि तुमच्या सायलेन्सरमागे स्कूटरवर असलेल्या माणसाच्या फुप्फुसाचा हिशोब कुणीतरी करायला हवा. व्हॉल्व्ह आणि हवा आत नेणारा मॅनिफोल्ड उतरवून साफ करता येतात. रोज दोन किलोमीटर भाजी आणायला चालणारी गाडी लवकर तुंबते. महिन्यातून एकदा तासभर महामार्गावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये मोकळी पळवली तर बरीच उशिरा.

नोझलची परीक्षा चार बाटल्यांत

१६०० बारचा पंप आणि नोझल यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. त्यात रॉकेलची भेसळ किंवा पाणी आलं की दोन्ही झिजतात. डिझेल फिल्टर वेळेवर बदलणं ही या इंजिनाची सगळ्यात स्वस्त विमा पॉलिसी.

नोझल झिजलीय का, ते बघायची पद्धत पाहण्यासारखी असते. चारही नोझलच्या परतीच्या नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटं चालू ठेवतात. तीन बाटल्या बोटभर भरल्या आणि चौथी निम्म्याला आली, तर ती चौथी नोझल डिझेल परत सोडतेय, रेलचा दाब पडतोय, म्हणून गाडी सकाळी सेल खात राहते. चारही बदलायची गरज आहे की एकच, ते इथे डोळ्यांनी दिसतं. ही तपासणी न करता "नोझल सेट गेलाय" असं कुणी सांगितलं तर दुसरीकडे दाखवा.

"पण टॅक्सीवाल्यांच्या तीन-तीन लाख चालतात!"

चालतात. डिझायर टॅक्सी सकाळी एकदा सुरू होते आणि दिवसभर गरम राहते, महामार्गावर पळते, आणि नीट मालक असेल तर दोन महिन्यांत तेल बदललं जातं. या इंजिनाला नेमकं हेच मानवतं. उलट आठ वर्षांत चाळीस हजार चाललेली "डॉक्टरांची गाडी", जिचं तेल तीनदाच बदललंय, तिची चेन आधी वाजू शकते. मीटर मागे फिरवता येतो, तेल बदलल्याची बिलं तारखांसकट बनवणं त्यापेक्षा कठीण. मला तरी दीड लाख किलोमीटर आणि सगळी बिलं असलेली गाडी जास्त भरवशाची वाटते.

बघायला जाल तेव्हा

आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. गेल्यावर बोनेटवर हात ठेवा. कोमट लागला तर सेलचा आवाज ऐकण्यात अर्थ नाही, दुसऱ्या दिवशीची वेळ मागा. डिपस्टिक काढून पातळी बघा. इंजिन थंड असतानाच कूलंटच्या टाकीत डोकवा. चॉकलेटी फेस दिसला तर तेल आणि पाणी एक झालंय, मग दोष ऑइल कूलरचा असो की हेड आणि ब्लॉकमधल्या हेडगॅस्केटचा, त्या किमतीत ती गाडी नको. सेल मारताना बोनेट उघडं ठेवून शेजारी कान द्या. इंजिन आयडलला असताना तेलाचं झाकण सैल करा. थोडी वाफ येते, पण झाकण टणाटण उडायला लागलं तर पिस्टनच्या रिंगा दाब सोडतायत.

मग चालवा. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० फेऱ्यांवरून पूर्ण अॅक्सिलरेटर द्या. दोन हजारांच्या पुढे स्पष्ट ढकललं गेल्यासारखं वाटायला हवं, आणि आरशात काळा लोट दिसायला नको. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. शेवटी स्कॅनर लावून घ्या. थोडे पैसे जातील, पण गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषांचे कोड आदल्या दिवशी पुसलेत का ते कळायला मदत होते.

इंजिनकाम झालेली गाडी मिळाली तर घाबरू नका, पण नेमकं काय काम झालं ते बिलावर बघा. आणि भंगारातून, म्हणजे मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून, आणलेलं दुसरं इंजिन टाकलेलं असेल तर ब्लॉकवरचा नंबर आरसीवरच्या नंबराशी ताडून पाहा. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओत झालेली नसेल, तर कितीही गोड चालत असलं तरी ते रीपासिंगच्या टेबलावर अडणार, आणि तेव्हा आरसीवर नाव तुमचं असेल.